१८ पूर्ण झाली, आता फिजिओ कुठे?

संपादक महाशय,

आमच्या गावात जत्रेला दरवर्षी नाटक होते. तालमीला माझा १९ वर्षांचा मुलगा व्हीलचेअरवर सगळ्यांच्या पुढ्यात बसतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. बोलणे अडखळत, पण अख्खी संहिता तोंडपाठ. कोणी वाक्य खाल्ले की तो चेअरच्या ट्रेवर थाप मारतो आणि समोर पंच असो की मास्तर, मुकाट्याने मागे जाऊन वाक्य पुन्हा घेतो.

यंदा त्याच्या तालमी चुकल्या. खुबा दुखत होता. बालरोग विभागाने १८ पूर्ण होताच 'आता मोठ्यांच्या ओपीडीत दाखवा' म्हणून सांगितलेले. तिथल्या डॉक्टरांनी मला विचारले, "याला कुठे दुखतं?" तो स्वतःच सांगू लागला. त्याचे वाक्य पुरे होण्याआधी पुढचा नंबर पुकारला गेला.

या आजारात मेंदूची इजा वाढत नाही, हे खरे. पण पोर वाढते ना! वयात येताना हाडे भराभर लांबतात, ताठर स्नायू मागे राहतात. टाच उचलली जाते, गुडघा वाकतो, काहींचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो. व्यायाम, हातपाय सरळ ठेवणारे स्प्लिंट, खुब्याचा एक्स-रे हे सगळे याच वयात नेटाने व्हायला हवे. आणि याच वयात शाळा सुटते, तिच्यासोबत थेरपिस्टही. अशा दिव्यांगांसाठी केंद्राच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचा विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. पण बिल मिळायला आधी थेरपिस्ट तर गाठायला हवा! आमच्याकडून म्हापशाला जायचे तर व्हीलचेअर बघूनच गाडीवाले भाडे नाकारतात.

पणजीत २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. आम्ही गेलो होतो. लोक थेट त्याच्याशी बोलत होते, माझ्याशी नव्हे. येताना गाडीत तो बराच वेळ गप्प होता.

तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक ठरावीक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा, एवढेच सरकारकडे मागणे. आणि मूल १६ चे झाले की बालरोग विभागानेच पुढच्या डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी, फाईल हातात देऊन मोकळे होऊ नये.

गावाकडेही एक मागणे आहे. आमच्या रंगमंचाला चार पायऱ्या आहेत. गेल्या जत्रेला चौघांनी त्याला चेअरसकट उचलून विंगेत नेले. "पालखी आली," कोणीतरी हसले. प्रेमानेच म्हटले असेल. घरी आल्यावर तो म्हणाला, "उचलू नका. फळी टाका." पंचायतीला तसा अर्ज दिला आहे.

– एक आई, पेडणे