लवकर सापडला, मग पुढे काय?

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ब्रेस्ट कॅन्सरवरचा लेख वाचला. "लवकर सापडला तर बरा होतो" इथेच तो संपवलाय, आणि बाईचा खरा गोंधळ तर तिथूनच सुरू होतो, कारण घरातले सगळे एका सुरात सांगायला लागतात, पूर्ण स्तनच काढून टाक बाई, पुढे कटकट नको. माझ्या बहिणीच्या वेळी नातेवाइकांनी हेच लावलं होतं.

अहो, हा प्रश्न कधीच सुटलाय. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी या सर्जननी दोन्ही उपचारांची तुलना केली, दोघांच्याही ट्रायलचे २० वर्षांचे रिझल्ट २००२ मध्ये आले, नुसती गाठ काढून वर रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. त्याच जागी परत गाठ यायचा चान्स थोडा जास्त राहतो, हेही खरं. गाठी दोन-चार ठिकाणी असतील, बीआरसीए जीनमध्ये दोष (म्हणजे कॅन्सरचा आनुवंशिक धोका) असेल किंवा रेडिएशन देताच येत नसेल तर गोष्ट वेगळी.

काखेतल्या लिम्फच्या गाठीही (कॅन्सर पसरला तर आधी बहुतेकदा तिथे जातो) आता सरसकट काढत नाहीत, डाय म्हणजे रंग टाकून आधी मोजक्याच तपासतात. (डाय निळा असेल तर नंतर लघवी हिरवट-निळी होते, घाबरू नका, आम्हाला आधी कुणी सांगितलंच नव्हतं!)

आणि नुसती स्टेज धरून बसू नका हो. गाठीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (कॅन्सर वाढवणारं एक प्रोटीन) काय आलंय ते बघा. ईआर पॉझिटिव्ह असेल तर हार्मोनच्या गोळ्या निदान ५ वर्षं, आणि काखेतल्या गाठींत कॅन्सर नसेल तर यातल्या बऱ्याच जणींना केमो लागतही नाही. हर-टू पॉझिटिव्हला ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरच काम करणारं इंजेक्शन, साधारण वर्षभर. तिन्ही निगेटिव्ह असतील तर गाठ लहान असूनही बहुतेकदा केमो.

कॅन्सर ब्रेस्टपुरताच असेल तर अमेरिकेतल्या आकडेवारीत सर्व्हायव्हल ९९ टक्क्यांच्या आसपास दिसतो, पण तो ५ वर्षांचा आकडा आहे. ईआर पॉझिटिव्ह कॅन्सर १०-१५ वर्षांनीही उलटू शकतो आणि नेमक्या त्याच बायका सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने गाऊन भिजतो म्हणून गुपचूप गोळी बंद करतात. गोळी बदलून मिळते, त्रासावर औषधं असतात, डॉक्टरना सांगा तरी!

पुढच्या वेळी लेखासोबत नाव खोडलेला एखादा नमुना रिपोर्ट छापा आणि आधी कुठल्या ओळी बघायच्या ते दाखवा, एवढीच विनंती.

आपली,
एक नियमित वाचक