कुरडया नक्की कोणी केल्या

प्रिय ठमे,

तुला अजून जोडाक्षरं नीट येत नाहीत, त्यामुळे हे पत्र सध्या आईच वाचून दाखवणार, आणि वाचताना तिला नको असलेले भाग ती गुपचूप गाळणार हे मला पक्कं माहितीये. म्हणून एक कॉपी मी वेगळी ठेवतोय. दुसरीत गेलीस की स्वतः वाच.

विषय असा की गेले पंधरा दिवस तू लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगत सुटलीयस, "आमच्या घरी कुरडया मी केल्या, बाबा फक्त फोटो काढत होता." वॉचमनकाकांना सांगून झालं, इस्त्रीवाल्या दादाला सांगून झालं, परवा तर मीटिंग चालू असताना मध्ये डोकं घालून माझ्या मॅनेजरलाच सांगितलंस. तो बंगळुरूचा, त्याला कुरडई म्हणजे काय ते कुठून कळणार, मला कुठल्यातरी अपघाताची बातमी दिल्यासारखा चेहरा करून म्हणाला सगळं ठीक आहे ना घरी. तर एकदाचं नीट लिहूनच ठेवतो काय झालं ते.

दरवर्षी आपल्याकडे अमळनेरहून कुरडयांचा डबा येतो. आजी मार्चमध्येच गहू भिजवते, गल्लीतल्या तीन-चार जणी मिळून करतात, आणि कोणीतरी पुण्याला येणारं सापडलं की त्याच्या गळ्यात तो डबा पडतो. यंदा आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ओट्यापाशी उभं राहायलाच बंदी केली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस असणार, पुरणपोळी असणार आणि पानात कुरडई नसणार, हे ऐकून तूच म्हणालीस, "मग आपण करू ना बाबा." आणि मी, ज्याने आयुष्यात कुरडई तळायचंही काम केलेलं नाही, हो म्हणालो. आई त्या वेळी काहीच बोलली नाही. नुसती हसली. ते हसू मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

१५ एप्रिल, मंगळवारी रात्री एक किलो लोकवन गहू भिजत घातला. मोठ्या पातेल्यात, वर चार बोटं पाणी. गहू तू निवडलास, हे मान्य. निवडलास म्हणजे खडे काढलेस आणि सोबत तुला न आवडलेले गहूही काढलेस. पाणी रोज बदलायचं होतं आणि ते काम तुझ्याकडे दिलं होतं. बुधवारी मी ऑफिसच्या गडबडीत साफ विसरलो, रात्री दहा वाजता तू अंथरुणातून उठून आलीस आणि कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "पाणी?" तेव्हा बदललं. हा एक मार्क तुझा. गुरुवारपर्यंत स्वयंपाकघरात असा आंबूस वास सुटला की आई जेवणाचं ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसली. तू मात्र दर तासाला झाकण उघडून वास घ्यायचीस, "ईईई" करायचीस आणि परत घ्यायचीस.

शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी होती. गव्हाचा दाणा चिमटीत दाबला की आतून पांढरं दूध बाहेर यायला लागलं होतं, आजीने व्हिडिओ कॉलवर सांगितलं की हीच खूण. तुला ते दाणे दाबायचा इतका नाद लागला की अर्धा तास मिक्सर लावताच आला नाही. मग थोडं थोडं पाणी घालून गहू वाटला, पातळ फडक्यातून गाळला, पिळला, चोथ्यात परत पाणी घालून परत पिळला. पिळायला माझेच हात होते, ठमे. दोन दिवस मनगटं दुखत होती. तू फडक्याचं एक टोक धरलं होतंस आणि ते दोनदा सोडलंस.

ते दुधासारखं पाणी रात्रभर तसंच ठेवायचं असतं, हलवायचं नाही. सगळं सत्त्व तळाशी बसतं आणि वर पिवळट नितळ पाणी राहतं. शनिवारी सकाळी मी हुशारी करायला गेलो आणि पातेलं सिंकमध्ये एकदम तिरकं केलं, पिवळं पाणी गेलं ते गेलं आणि त्यामागोमाग तळाचं सत्त्व, म्हणजे पांढरा चीकही निघाला. तू जी किंचाळलीस ना, "बाबा कुरडया चालल्या!!" शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं काय झालं. तर हो, साधारण वाटीभर चीक मी सिंकमध्ये घालवला. हे तू कोणालाच सांगत नाहीस, त्याबद्दल आभार. की तुला आठवतच नाहीये?

पण मग तळाला जो पांढराशुभ्र थर राहिला, तिथे आपण दोघं वीस मिनिटं नुसते खेळत बसलो. बोट हळू टेकवलं की अलगद आत जायचं. मूठ करून जोरात मारली की ठक्क, ओट्यावर मारल्यासारखं. मुठीत घेऊन आवळला की खडूसारखा घट्ट गोळा, आणि मूठ सैल केली की बोटांच्या फटीतून धारा. तू विचारलंस हे पाणी आहे की दगड. मी म्हणालो की पिठाचे अगदी बारके कण पाण्यात एकमेकांना खेटून बसलेत, हळू गेलं की बाजूला सरकून वाट देतात, एकदम अंगावर गेलं की सरकायला वेळच मिळत नाही, सगळे अडकून बसतात. तू जरा विचार केलास आणि म्हणालीस, "स्वारगेटसारखं." म्हणजे तिथल्या बसस्टँडच्या गर्दीसारखं. खरं सांगतो, ऑफिसात इतकं नेमकं कोणी बोलत नाही. त्या वीस मिनिटांचा एकही फोटो नाहीये कारण माझे दोन्ही हात चिकात होते, त्यामुळे "बाबा फक्त फोटो काढत होता" हे निदान तिथे तरी साफ खोटं आहे.

आता चीक शिजवण्याबद्दल. मोजला तर मोठ्या वाटीने पाच वाट्या भरला, मग तेवढंच पाणी, पाच वाट्या, उकळायला ठेवलं, त्यात मीठ, हिंग आणि चमचाभर तेल. हे माप मी आजीकडून कसं काढून घेतलं ते माझं मला माहीत, कारण ती आधी म्हणत होती "पाणी दिसंल तेवढं घे रे", आता कुठे दिसेल, कोणाला दिसेल. उकळत्या पाण्यात चीक धार धरून ओतायचा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळ्या. तुझ्यासाठी ओट्यापासून चार फुटांवर फरशीवर लाल चिकटपट्टी लावली होती, लक्ष्मणरेषा, कारण गरम चीक अंगावर उडाला तर चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. तू ती रेषा ओलांडली नाहीस. फक्त पायाची बोटं बरोबर पट्टीवर ठेवून तिथून ऑर्डरी सोडत होतीस आणि फोन आजीच्या तोंडासमोर धरायच्या ऐवजी छताकडे धरत होतीस, त्यामुळे आजी पलीकडून ओरडतेय, "काय करी राह्यना रे भाऊ, मले काहीच दिसत नाही!" आणि मी इकडे घामाघूम. हात थांबला. गुठळ्या झाल्या. छोट्या नाही, लिंबाएवढ्या. मग रवीने, डावाने, शेवटी बटाट्याच्या मॅशरने ठेचल्या, झाकण ठेवून वाफ काढली आणि झाकण उघडलं तर तो पांढरा चुन्यासारखा दिसणारा चीक एकदम काचेसारखा. चकचकीत. तू लांबूनच म्हणालीस, "जेली!"

आणि इथे खरं तर सगळं काम थांबलं, कारण आपण तो चीक खायला बसलो. मी लहानपणी कुरडयांच्या दिवशी उठल्यापासून याच क्षणाची वाट बघायचो, कुरडयांचं मला कधीच काही पडलेलं नव्हतं. तुला वाटीत गरम चीक, वर दूध आणि साखर. मला कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि तिखट. तू आधी माझ्या वाटीतलं एक बोट चाटलंस, तोंड भाजलं, रडलीस, दूध प्यालीस आणि मग स्वतःची वाटी संपवून माझ्याकडे परत बघायला लागलीस. आई "मी नाही खाणार तो डिंक" म्हणत आली होती, तिने दोन वाट्या खाल्ल्या. (हे वाक्य ती नक्की गाळणार.)

मग टेरेस. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून पितळी सोऱ्या आणला होता, शेवेची चकती लावून, आणि चीक गरम असतानाच घालायचा असतो, गार झाला की दाबला जात नाही. प्लास्टिकच्या कागदाला तेलाचा हात लावून तो पसरला, चार कोपऱ्यांवर चार विटा. मी दाबत होतो, गोल गोल फिरवत होतो, पहिल्या पाच-सहा कुरडया कुरडया कमी आणि चपलेचे ठसे जास्त दिसत होत्या. नंतर जमल्या. तुला हवं होतं म्हणून गार झालेला चीक सोऱ्यात भरून दिला, तू अक्षरशः सोऱ्याला लोंबकळलीस, पाय जमिनीवरून उचलले, तरी शेव बाहेर येईना, मग तुझ्या हातांवर माझे हात ठेवून दाबलं. अशा आपण पाच केल्या. त्यातली एक बदक झाली. तू म्हणालीस मुद्दाम केलं. ठीक आहे.

एकूण एक्केचाळीस. तू मोजल्या तेव्हा तीसच्या पुढे "तीस एक, तीस दोन" सुरू केलंस, आणि मला २०१९ आठवलं, तेव्हा बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या ऐवजी वीस एक छापलं म्हणून केवढा गदारोळ झाला होता, मीही व्हॉट्सअॅपवर भरपूर जोक फॉरवर्ड केले होते. आता माझीच पोरगी एकतीसला अडते आणि तीस एकला धावत सुटते. जोक मी मनातल्या मनात मागे घेतले. एक्केचाळीसला मात्र एक्केचाळीसच म्हणायचं हं.

राखण तुझ्याकडे होती. आम्ही लहान असताना चिमण्या हाकलायचो, तुझ्या नशिबी कबुतरं. टाकीच्या सावलीत छत्री, शिट्टी, पाण्याची बाटली आणि तो एक कान तुटलेला ससा घेऊन तू बसलीस, पहिला अर्धा तास इतकी कडक ड्युटी केलीस की कबुतर सोड, वाळत घातलेले कपडे न्यायला आलेल्या आजोबांवरसुद्धा शिट्टी मारलीस. मग झोपलीस. सशावर डोकं ठेवून. तेवढ्यात कबुतरांनी तीन कुरडया पायाखाली घातल्या, चौथी मी तुला उचलून घेताना माझ्याच पायाखाली आली. ती कबुतरांच्या खात्यावर टाकलीये, राहू दे तिथेच. सदतीस राहिल्या. रविवारी उलटवल्या, सोमवारी कडकडीत वाळल्या, हातात घेतल्या की खुळखुळ वाजायला लागल्या.

आणि ३० एप्रिलला आखाजी, म्हणून २९च्या रात्री ट्रॅव्हल्सने आपण अमळनेरला. दरवर्षी डबा तिकडून इकडे यायचा, यंदा इकडून तिकडे गेला, पूर्ण रस्ताभर तुझ्या मांडीवर. मी म्हणत होतो वर ठेवू. नाही म्हणालीस. मग कुठल्याशा स्पीडब्रेकरला डबा उडाला आणि सकाळी उघडला तर अकरांचा चुरा. आजीने चुरा वेगळा काढून ठेवला, दुसऱ्या दिवशी कांदा घालून त्याची भाजी केली, ती तुला कुरडईपेक्षा जास्त आवडली.

तळताना तू आजीच्या खुर्चीच्या दांडीवर बसली होतीस. तेल कडक तापलेलं, पहिली कुरडई सोडली, एक क्षण काहीच नाही आणि मग फस्स करून कढईभर पांढरं फूल. तू टाळ्या वाजवल्यास, आत्याने वाजवल्या, आणि तू लगेच सुरू, "मी केल्या, बाबा फोटो काढत होता." आजीने एक तुकडा मोडला, उजेडाकडे धरून बघितला, खाल्ला. मी दहावीच्या रिझल्टला उभा होतो तसा उभा. ती म्हणाली मीठ जरा कमी पडलं. आणि मग, "चोथा काय केला?"

चोथा टाकून दिला होता, ठमे. ओल्या कचऱ्यात. आजीने असं बघितलं माझ्याकडे की जणू मी घरातलं सोनंच कचऱ्यात घातलं. त्याच्या भुसवड्या होतात, मिरची-लसूण घालून, वाळवून, आणि त्या न करता कुरडया केल्या म्हणणारा माणूस तिच्या लेखी अर्धवट. मी खाली मान घातली. तू पटकन म्हणालीस, "चोथा बाबाने टाकला, मी नाही." म्हणजे कुरडया तू केल्यास आणि चोथा मी टाकला. असं कसं चालेल?

तर माझा हिशोब असा आहे. गहू निवडणं तुझं, रात्री दहाची आठवण तुझी, स्वारगेट तुझं, पाच कुरडयांमधले निम्मे हात तुझे. बाकी माझं. पटत नसेल तर आईला विचार, तिने दोन वाट्या चीक खाऊन सगळं बघितलंय.

आणि ते बदक. ते तळायचं नाही असं तू बजावलंयस म्हणून अमळनेरला नेलंच नव्हतं, वरच्या फडताळात स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवलंय. पण जूनमध्ये पाऊस लागला की ते सादळणार आणि मग मुंग्याही येतील. त्याआधी एकदा त्याला ऊन दाखवायला हवंय, येत्या रविवारी टेरेसवर नेऊ. शिट्टी तुझ्या शाळेच्या बॅगेत आहे बहुतेक, शोधून ठेव.

तुझा,
बाबा