मेंग सीझाओला जिवंत का केले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आंग ली यांचा 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) हा चिनी योद्ध्यांवरचा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे आणि त्याचा २०१६ साली आलेला उत्तरभाग 'सोर्ड ऑफ डेस्टिनी' मोठ्या आशेने पाहिला. झालेल्या निराशेचे कारण नेमकेपणाने मांडावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. या उत्तरभागाविषयी बोलताना बहुतेक जण दोनच तक्रारी करतात. चिनी योद्धे इंग्रजीत बोलतात आणि चित्रीकरण बरेचसे न्यूझीलंडमध्ये झाले आहे. भाषेची तक्रार मला मान्य आहे. पहिल्या चित्रपटात चाउ युन-फॅट आणि मिशेल योह या दोघांचीही मँडरिन ही रोजची भाषा नव्हती, तरी त्यांनी कष्टाने ते संवाद आत्मसात केले आणि त्या बोलण्यातला संयम त्या पात्रांच्या स्वभावाशी एकजीव झाला. पण खरे नुकसान याहून खोलवर झाले आहे.

उत्तरभागाचे दिग्दर्शक कोणी नवखे असते तर मी पत्र लिहिण्याच्या फंदात पडलो नसतो. युएन वू-पिंग यांनी १९७८ साली 'ड्रंकन मास्टर' दिग्दर्शित केला, 'द मॅट्रिक्स'मधील झुंजी बसवल्या आणि मुख्य म्हणजे चार ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या चित्रपटातील झुंजीही त्यांच्याच होत्या. म्हणजे कथेच्या केंद्रस्थानी असलेली तलवार तीच आणि झुंजी बसवणारे हातही तेच. मग फरक कुठे पडला?

पहिल्या चित्रपटातली शस्त्रागारातली शू लिएन (मिशेल योह) आणि ती तलवार चोरणारी तरुण जेन यांची झुंज आठवून पाहावी. जेनच्या हातात ती हिरवी तलवार आहे आणि शू लिएन भिंतीवरची एकेक शस्त्रे उचलत तिच्याशी लढते. दुहेरी तलवारी, भाला, आकडेदार तलवारी असे एकामागून एक सगळे त्या एका पात्यापुढे निकामी होत जाते. मध्येच ती एक अवजड लोखंडी दंडा उचलते आणि त्याच्या वजनानेच तिचा तोल जातो. शेवटी तुटक्या तलवारीचे टोक ती जेनच्या मानेला लावते आणि तिथेच थांबते. तिचे श्रेष्ठत्व त्या थांबण्यात आहे आणि उधारीच्या तलवारीवर मिरवणाऱ्या जेनचा कोतेपणा पुढच्याच क्षणी तिने केलेल्या वारात. बोलण्यापेक्षा त्या झुंजीतूनच दोन्ही स्त्रिया आपल्याला पूर्ण कळतात.

उत्तरभागात गोठलेल्या तळ्यावरची झुंज आहे. कल्पना म्हणून ती देखणी आहे. पण संगणकाने रंगवलेल्या दृश्यांचा थर इतका जाड आहे की बर्फावर पाय घसरेल ही धास्तीच वाटत नाही, आणि झुंज संपल्यावर लढणाऱ्यांविषयी आपल्याला नवे काहीही कळलेले नसते. खाणावळीतली मारामारी त्या मानाने बरी आहे, कारण तिथे माणसे, टेबले आणि जिने यांचा खरा उपयोग करून घेतला आहे.

तरीही झुंजी फसल्या एवढीच बाब असती तर ती सोसता आली असती. पहिल्या कथेचा सारा भार एका मृत माणसावर तोललेला होता. शू लिएनचा वाग्दत्त वर मेंग सीझाओ हा योद्धा ली मू बाई (चाउ युन-फॅट) याचा शपथबंधू होता आणि मेंग मारला गेला. त्याच्या स्मृतीचा अवमान होऊ नये म्हणून शू लिएन आणि ली मू बाई ही एकमेकांवर प्रेम करणारी दोन माणसे वर्षानुवर्षे एकमेकांसमोर बसून चहा पितात, तलवारीविषयी आणि कर्तव्याविषयी बोलतात, पण मनातले बोलत नाहीत. शेवटी विष अंगात भिनल्यावर, अखेरच्या श्वासाला, ली मू बाई ते बोलतो. उत्तरभागात डॉनी येन यांनी रंगवलेला योद्धा हाच मेंग सीझाओ निघतो. तो मेलेलाच नव्हता!

याचा परिणाम फक्त नव्या कथेवर होत नाही. जुनी कथाही मागे जाऊन पोकळ होते. ज्या मृत मित्रासाठी त्या दोघांनी आयुष्य गमावले, तो कुठेतरी हिंडत होता असे ठरले, तर त्या त्यागाला काय अर्थ उरतो? बरे, एवढा मोठा धक्का दिल्यावर शू लिएनच्या मनात काय कल्लोळ उठला असेल, यासाठी तरी चित्रपटाने वेळ द्यायला हवा होता. संताप, अपराधीपणा, ली मू बाईसाठी नव्याने उसळलेले दुःख असे सगळे तिच्या वाट्याला येऊ शकले असते आणि मिशेल योह यांच्या चेहऱ्यावर ते पेलण्याची ताकद निश्चित होती. पण पटकथा चार वाक्यांत तो प्रसंग उरकते आणि तलवारीवर डोळा ठेवून असलेल्या खलनायकाकडे वळते.

पहिल्या चित्रपटातील प्रत्येक झुंज ज्यांनी पात्रांच्या मनाशी जोडून बसवली, त्या युएन वू-पिंग यांना हा बदल काय मोडून टाकतो हे इतर कुणाहीपेक्षा अधिक ठाऊक असायला हवे होते. पटकथा हाती आली त्याच दिवशी त्यांनी हे पात्र बदलून मागायला हवे होते, आणि त्यांच्या अधिकाराच्या माणसाने तसा आग्रह धरला असता तर तो डावलणे सोपे गेले नसते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आपला,
एक वाचक