नासाचा 'हरवलेला' दिवस

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून माहीमला घरी येतो तोच आमच्या चर्चच्या ग्रुपवर जुना पाहुणा हजर : नासाच्या संगणकाला म्हणे काळाच्या हिशेबात एक दिवस कमी पडला आणि तो बायबलमध्ये, यहोशवाने सूर्य थांबवला त्या प्रसंगात, सापडला. ही गोष्ट माझ्या तरुणपणी सायक्लोस्टाइल कागदावर फिरायची. नासाने ती कधीच नाकारली आहे. पण नासाला विचारायची तरी काय गरज? संगणक ग्रहांची आजची स्थिती धरून मागे मोजत जातो. मध्ये दिवस गळाला हे कळायला त्याआधीची वेगळी, पक्की नोंद हवी. ती नसेल तर गहाळ दिवस सापडणार कुठून? शिवाय हिशेब कसा, तर यहोशवाचे २३ तास २० मिनिटे आणि हिज्कीया राजाच्या वेळी दहा अंश मागे सरलेल्या सावलीची ४० मिनिटे. इतका पैन् पै जुळलेला ताळेबंद दिसला की माझ्यासारख्या बँकेतल्या जुन्या कारकुनाला आधी संशय येतो.

एवढंच मी ग्रुपवर लिहिलं. उत्तर आलं, "अंकल, तुमचा विश्वास डळमळला का?"

पारख करणं म्हणजे अविश्वास, हे आम्हाला शिकवलं कुणी? बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणं शास्त्राशी रोज ताडून पाहिलं, म्हणून प्रेषितांच्या पुस्तकात त्यांचं कौतुक आहे. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की मी सगळं मुळापासून तपासून लिहितोय. येशू मेलेल्यांतून उठला यावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्यालाही येशूने हाकललं नाही, जखमा दाखवल्या. चौकशीला बसला नाही तो पिलात, येशूचा न्याय करणारा रोमन सुभेदार. 'सत्य काय आहे?' विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठून बाहेर गेला.

२०१२ साली विलेपार्ल्यात क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी पाहणी करून सांगितलं की हे तुंबलेल्या गटाराचं पाणी, केशाकर्षणाने वर चढलेलं. भिंतीला ओल कुठून आली हा प्रश्न प्लंबरचा. पण आमच्यातल्याच काहींनी भावना दुखावल्या म्हणून कलम २९५-अ खाली तक्रारी केल्या आणि एडामारुकू फिनलंडला निघून गेले. मला त्याची अजून लाज वाटते.

त्यांचं सगळं मला पटतं असं नाही. चमत्कार होऊच शकत नाही, हेही शेवटी एक गृहीतकच. ते कुठल्या प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं नाही. येशूच्या पुनरुत्थानावर, म्हणजे तो मेलेल्यांतून उठला यावर, माझा विश्वास आहे. पण पौल त्याबद्दल काय लिहितो पाहा : ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. शिवाय उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्या पाचशेहून अधिक साक्षीदारांचा उल्लेख करून म्हणतो, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. म्हणजे जा, विचारा त्यांना! असं लिहिणारा माणूस प्रश्नांना घाबरत नसणार.

त्या ग्रुपवर कन्फर्मेशनच्या (श्रद्धा दृढ करण्याच्या संस्काराच्या) वर्गातली पंधरा-सोळा वर्षांची मुलंही आहेत. ती गुगल करून बघतात. नासाची गोष्ट बनावट निघाली की यहोशवा आणि पुनरुत्थान दोन्ही ती त्याच टोपलीत टाकतील. मग 'मुलं हल्ली चर्चला येत नाहीत' म्हणून आम्हीच कुरकुरणार.

तूर्त त्या फॉरवर्डखाली एकोणचाळीस जोडलेले हात आहेत. माझ्या उत्तराला एक अंगठा, तोही आमच्या हिचा.

– एक वाचक, माहीम, मुंबई