कलेक्टरचा राजदूत होतो का? जिनिव्हाहून पत्र

जिनिव्हा

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस सा. न. वि. वि.

चि. सईने यूपीएससीच्या अर्जात आयएएस (प्रशासकीय सेवा) आधी लिहावं की आयएफएस (परराष्ट्र सेवा), असं तुम्ही विचारलंत. आणि खाली, ‘कलेक्टर झाली तरी पुढे राजदूत होता येतंच ना?’ होता येतं. पण ती वाट अरुंद आहे, तिच्या भरवशावर पसंतीक्रम लावू नये.

आयएफएसची वाट सरळ आहे. मसुरीला सगळ्यांबरोबर पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीची परराष्ट्र सेवा संस्था. एक परकी भाषा सक्तीची, आणि ती शिकायला बहुधा तिसरा सचिव म्हणून त्या भाषेच्या मुलखातच पाठवतात. पुढे दुसरा सचिव, पहिला सचिव, कौन्सेलर, मिनिस्टर (हा मंत्री नव्हे, वकिलातीतला हुद्दा आहे) आणि मग राजदूत.

आयएएसवाला प्रांताधिकारी, जिल्हा परिषदेचा सीईओ, कलेक्टर, मंत्रालय असं करत केंद्रात प्रतिनियुक्तीवर जातो. राज्याने सोडलं तरच, आणि इथेच पुष्कळांचं घोडं अडतं. केंद्रात गेल्यावर परदेशातल्या मोजक्या जागा खुल्या होतात: वॉशिंग्टनला आर्थिक विषयांची, रोमला अन्न व कृषी संघटनेची, ब्रुसेल्सला शेती आणि सागरी उत्पादनांची. मुदत साधारण तीन वर्षं, मग परत. जिनिव्हात भारताची दोन वेगळी कार्यालयं आहेत. संयुक्त राष्ट्रांकडचं परराष्ट्र मंत्रालयाचं. जागतिक व्यापार संघटनेकडचं, म्हणजे डब्ल्यूटीओचं, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतलं. या दुसऱ्याचा प्रमुख राजदूत दर्जाचा असतो आणि तिथे बहुतेक वेळा आयएएस अधिकारीच बसतो. कलेक्टरचा राजदूत व्हायची खात्रीची म्हणावी अशी ही एक खुर्ची.

तिसरी वाट कारकिर्दीच्या शेवटची. नरेशचंद्र आयएएसच्या १९५६च्या तुकडीचे, राजस्थान केडरचे. संरक्षण, गृह आणि मंत्रिमंडळ सचिव, गुजरातचे राज्यपाल, आणि मग १९९६ ते २००१ वॉशिंग्टनला राजदूत. मे १९९८मध्ये पोखरणचे स्फोट झाले, अमेरिकेने निर्बंध लावले, तेव्हा तिथे बाजू मांडायला संरक्षण खातं आतून माहीत असलेला माणूस होता. अशा नेमणुका सरकारच्या मर्जीच्या. त्यांची तयारी करता येत नाही. शिवाय कुठल्याही देशात राजदूत नेमण्याआधी त्या देशाची संमती गुपचूप मागावी लागते. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार तो देश नकार देऊ शकतो आणि कारण सांगायला बांधील नसतो. म्हणून संमतीआधी नाव फुटलं की दोन्हीकडे अवघडलेपण येतं.

आपल्याकडचं नाव घ्यायचं तर चिंतामणराव देशमुखांचं. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजी अमलातल्या प्रशासकीय सेवेच्या, परीक्षेत पहिले. १९४३ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि १९४४च्या जुलैत ब्रेटन वुड्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी जिथे ठरला त्या, परिषदेत भारतीय शिष्टमंडळात बसले. देश तेव्हा पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज. तरी नाणेनिधीत भारताचा वाटा ४० कोटी डॉलर ठरला. इंग्लंडकडे युद्धकाळात साठत चाललेलं आपलं स्टर्लिंगचं येणं, जे युद्ध संपेपर्यंत १३० कोटी पौंडांच्या घरात गेलं, त्याचा प्रश्न त्या परिषदेत सुटला नाही, पण सगळ्यांसमोर मांडला गेला. पुढे १९४९मध्ये सरकारने त्यांना अमेरिका-युरोपसाठी खास आर्थिक प्रतिनिधी नेमलं. वऱ्हाड-मध्य प्रांतात महसुलाची कामं केलेला हा माणूस आकड्यांवर मांड ठोकून बसला होता, आणि वाटाघाटीत तेच उपयोगी पडतं.

कलेक्टरी करून आलेल्याला इथे जड काय जातं, तर हुकूम चालत नाही. डब्ल्यूटीओत १६६ सदस्य आहेत आणि निर्णय सर्वसहमतीने, म्हणजे हजर असलेल्या एकानेही हरकत घेतली नाही तरच. वादाचे शब्द मसुद्यात चौकटी कंसात राहतात, आणि एकेक कंस हटवायला महिने जातात. त्यातून स्वतःच्या अधिकारात काही कबूल करता येत नाही, सूचना दिल्लीहून याव्या लागतात. हिवाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेचार तास पुढे. इथे दुपारी तीनला नवा मसुदा हाती पडला, की दिल्लीत साडेसात वाजलेले, संबंधित अधिकारी घरी. म्हणून जाणता अधिकारी सकाळीच दोन-तीन पर्यायांना मंजुरी घेऊन ठेवतो: हे मिळालं तर हो, एवढंच मिळालं तर विचारतो, त्याखाली नाही.

दादा, हर्णै बंदरावर ज्याची चर्चा असते, तो मासेमारी अनुदानाचा विषय इथलाच. २००१ला दोहात सुरू झाला, जून २०२२मध्ये करार झाला, १५ सप्टेंबर २०२५ला अमलात आला. बेकायदा मासेमारी करणाऱ्याला, घटलेल्या साठ्यावर चालणाऱ्या आणि कुणाचंच नियमन नसलेल्या खोल समुद्रातल्या मासेमारीला अनुदान देऊ नये, असा तो आहे. बोटींची संख्या आणि ताकद वाढवणाऱ्या अनुदानाचा मोठा भाग अजून बाकी. तिथे भारताने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आतल्या मच्छीमारांसाठी २५ वर्षांची सवलत मागितली.

ही मागणी टिकवायला काय लागतं? मच्छीमारांना मिळणाऱ्या डिझेल परताव्यातलं किती बिगरयांत्रिक होडीला, किती ट्रॉलरला, किती पर्ससीनला (मोठं वेढा जाळं टाकणाऱ्या बोटीला) गेलं, हे वेगळं दाखवता आलं पाहिजे. सगळी रक्कम एकाच रकान्यात असली की समोरचा म्हणतो, तुम्ही रापणवाल्याच्या (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या गरीब मच्छीमाराच्या) नावाने बड्या बोटी पोसता. आणि उत्तर नसतं. मत्स्य खात्यात काम केलेल्या अधिकाऱ्याला ही फट दिसते, आयएफएसवाल्याला बहुधा सांगावी लागते. उलट कोणता देश कोणाच्या मागे उभा आहे, नकार कोणत्या शब्दांत द्यावा, यात आयएफएसवाला पुढे. आणि तीन वर्षांत आयएएसवाला परततो. एकवीस वर्षं चाललेल्या विषयात असे किती आले-गेले असतील! मागच्याने टिपण नीट ठेवलं नसेल, तर नवा माणूस सोडून दिलेला मुद्दा पुन्हा उकरून काढतो, आणि समोरच्याकडे जुनी कागदपत्रं तयार असतात.

सईला आयुष्यभर परदेशाशीच काम करायचं असेल तर आयएफएस पहिलं लिहू दे. जिल्हा, माणसं, पाणी, रस्ते हवे असतील तर आयएएस. मग जिनिव्हा मिळालं तर मिळालं. दोन्हींपैकी एक मिळाल्यावर त्या सेवेत राहून ही परीक्षा पुन्हा देता येत नाही, त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणून क्रम लावू नये. आयएएसच्या जागा वर्षाला १८०च्या आसपास, आयएफएसच्या त्याहून पुष्कळ कमी. अर्जात गाव हर्णै लिहिलंय, तेव्हा मुलाखतीत पर्ससीनचा वाद, १ जूनपासूनची पावसाळी मासेमारीबंदी आणि १९८१चा सागरी मासेमारी कायदा विचारतील असं धरूनच तयारी करावी. मच्छीमार सोसायटीचे डिझेल परताव्याचे कागद तिला एकदा स्वतः चाळायला द्या. आणि पसंतीक्रम भरला की त्याची प्रत काढून ठेवा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
धाकटा