आधी हेक्स बघा: डेटाबेसवाल्या ताईंना आभाराचं पत्र

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

वाचनालयाच्या पुस्तकसूचीचा डेटाबेस मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या ५.६ आवृत्तीवरून ८.० वर गेला आणि एकाही मराठी नावाला धक्का लागला नाही, याचं श्रेय तुमचं आहे. आभार फोनवरही मानता आले असते. पण तुम्ही जे दाखवलंत ते मराठी मजकूर साठवणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र जाहीर लिहितो आहोत.

टेबलाची रचना बदलणाऱ्या ‘ऑल्टर टेबल’ला हात लावण्याआधी, साठवलेले बाइट्स हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) दाखवणारं ‘सिलेक्ट हेक्स(नाव)’ चालवा, हा तुमचा पहिला आग्रह. पडद्यावर नाव नीट दिसतं म्हणजे डेटा नीट आहे, असं नाही. टेबल लॅटिन१ (पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा जुना कॅरेक्टर सेट) आणि कनेक्शनही लॅटिन१ असेल, तर यूटीएफ८ चे, म्हणजे युनिकोड मजकुराचे, बाइट्स जसेच्या तसे आत जातात आणि जसेच्या तसे बाहेर येतात. दोन चुका एकमेकींना झाकतात. एकच चूक सुधारली की सगळी सूची बिघडलेली दिसते.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ८ मध्ये ३ बाइट्सचं असतं आणि त्याचे पहिले दोन बाइट्स ई०ए४ किंवा ई०ए५ असतात. ‘क’ म्हणजे ई०ए४९५. एवढं पाठ झालं की रोग ओळखता येतो. कॉलम लॅटिन१ आणि हेक्समध्ये ई०ए४ दिसलं, तर बाइट्स शुद्ध आहेत, फक्त वरची पाटी, म्हणजे कॉलमला लावलेलं कॅरेक्टर सेटचं नाव, चुकीची आहे. सी३ए०सी२ए४ अशी माळ दिसली, तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय. तेव्हा ‘क’चे ३ बाइट्स फुगून ७ होतात. आणि ओळीने ३एफ ३एफ ३एफ दिसलं, तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत. मूळ अक्षरं गेली, आता जुना बॅकअप शोधायचा.

पहिल्या रोगावर ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट’ हा उपाय नाही, तो अपाय आहे. सर्व्हर लॅटिन१ ची पाटी खरी मानतो, प्रत्येक बाइटचं भाषांतर करतो आणि पहिल्या रोगाचा दुसरा करून ठेवतो. तुम्ही सांगितलेला रस्ता दोन पावलांचा: आधी ‘मॉडिफाय’ने कॉलम व्हारबायनरी(२५५) करा, मग व्हारकॅर(२५५) यूटीएफ८एमबी४ (४ बाइट्सची चिन्हंही घेणारं यूटीएफ८). बायनरीला भाषा नसते, म्हणून बाइट्स हलत नाहीत, फक्त पाटी बदलते. मूळ कॉलम कॅर असेल तर बायनरी नव्हे, व्हारबायनरीच घ्यायचा, नाहीतर शेवटी शून्य बाइट्स भरले जातात. ‘मॉडिफाय’ लिहिताना नॉट नल, डिफॉल्ट आणि कॉमेंट पुन्हा लिहायचे. विसरलात तर ते गुपचूप जातात. फुलटेक्स्ट इंडेक्स (शब्दशोधासाठीची सूची) असेल तर आधी काढून ठेवायचा.

याच टप्प्यावर तुम्ही विचारलेला प्रश्न फार मोलाचा ठरला: ‘लेंग्थ २५५ असलेल्या ओळी किती?’ लेंग्थ म्हणजे बाइट्सची संख्या. लॅटिन१ च्या व्हारकॅर(२५५) मध्ये २५५ बाइट्स मावतात, म्हणजे देवनागरीची फक्त ८५ चिन्हं. लांब शीर्षकं तिथेच कापली गेलेली असतात, आणि मध्ये एखादा आकडा किंवा रिकामी जागा आली असेल तर अक्षराच्या मधोमध. असा अर्धा तुकडा असलेली ओळ दुसऱ्या पावलावर ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ म्हणून अडते. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद करून ती रेटू नका, असं तुम्ही बजावलंत. ती ओळ मुखपृष्ठ बघून हाताने दुरुस्त करायची.

दोनदा एन्कोड झालेल्या ओळींसाठी उलटा प्रवास: नाव लॅटिन१ मध्ये कन्व्हर्ट करा, त्याला बायनरी म्हणा, मग यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. मात्र अपडेटला ‘व्हेअर’ हवाच, आणि त्यात हेक्समध्ये सी३ए०सी२ए४ किंवा सी३ए०सी२ए५ कुठेही आहे का ते बघायचं. फक्त सुरुवातीला बघितलं तर आकड्याने सुरू होणारी नावं सुटतात. शुद्ध देवनागरी ओळीवर हाच अपडेट चालला तर तिची प्रश्नचिन्हं होतात.

मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका चिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट्स मिळतात. देवनागरी त्यात नेमकी बसते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला शंका येत नाही. मग वाचक अभिप्रायात इमोजी टाकतो, त्याला ४ बाइट्स लागतात, आणि स्ट्रिक्ट मोड नसेल तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर कापला जातो. यूटीएफ८एमबी४ घेतलं की इंडेक्सचा हिशेब बदलतो: २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, जुन्या ७६७ बाइट्सच्या मर्यादेत बसतं, २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०, बसत नाही. कॉलम १९१ चिन्हांवर आणा, हा सल्ला जागोजागी मिळतो. तुम्ही तो दिला नाहीत याचे विशेष आभार, कारण त्याने नावं कापली जातात. रो फॉरमॅट (ओळ साठवण्याची पद्धत) डायनॅमिक ठेवला की मर्यादा ३०७२ बाइट्स होते, आणि ५.७ पासून डिफॉल्ट तोच आहे. आमची जुनी टेबलं कॉम्पॅक्टवर होती, ती बदलून घ्यायची एवढंच.

आता ‘ऱ’. त्यासाठी तर तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. ‘कऱ्हाड’ तीन प्रकारे टाइप होतं: थेट ‘ऱ’ने, ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र्’नंतर न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह) घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे. बाइट्स मात्र पहिल्यात १८, उरलेल्या दोन्हींत २१. बायनरी कोलेशनमध्ये (कोलेशन म्हणजे तुलनेचे नियम; बायनरीत बाइट्स तंतोतंत जुळावे लागतात) शोध घेतला तर एकाने भरलेलं दुसऱ्याला सापडत नाही. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एका अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या नियमाने) नुक्तावाला ‘ऱ’ एकसंध होतो; झेडडब्ल्यूजेवाला होत नाही, त्याच्यासाठी वेगळा ‘रिप्लेस’ लिहावा लागतो: र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. न दिसणारी चिन्हं सरसकट पुसून टाकणाऱ्या स्क्रिप्टपासून तुम्ही आम्हाला वाचवलंत. तसं केलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं, आणि मग ते परत वेगळे करायला कुठलाही प्रोग्रॅम उपयोगी पडत नाही. ‘ॲ’चंही तसंच आहे. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीच्या नोंदींत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवलेलं असतं, आणि एनएफसी या दोघांना एक करत नाही.

कोलेशन बदलताना याच्या उलट धोका. ८.० चं डिफॉल्ट कोलेशन ॲक्सेंट, म्हणजे अक्षरांवरच्या खुणांचा फरक, मानत नाही. म्हणून युनिक की (एकच मूल्य दोनदा येऊ न देणारा नियम) लावण्याआधी ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांची नव्या कोलेशनमध्ये तुलना करून १ येतो की ० ते बघायचं, आणि नाव नव्या कोलेशनने ग्रुप करून एकाहून जास्त ओळी कुठे येतात ते मोजायचं. डुप्लिकेटची एरर रात्री दोनला येण्यापेक्षा आदल्या दुपारी यादी हातात असलेली बरी.

लॉकबद्दल थोडक्यात, कारण तुमचं वाक्यच पुरेसं होतं: ‘लॉक_वेट_टाइमआउट ५ करा, मगच ऑल्टर.’ लॉक मिळण्यासाठी थांबायची ही मुदत डिफॉल्टने ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे आख्खं वर्ष. कुणी ऑटोकमिट बंद ठेवून एक साधा सिलेक्ट केला आणि जेवायला गेलं, तर ऑल्टर त्या ट्रान्झॅक्शनसाठी थांबतो आणि मागून आलेल्या सगळ्या क्वेऱ्या ऑल्टरमागे रांगेत उभ्या राहतात. ५ सेकंदांत माघार घेतलेली बरी. ऑल्टरला रोलबॅक (केलेलं मागे घेणं) नसतो, हेही लक्षात ठेवायचं. दोन टेबलं जोडणारे कॉलम एकाच दिवशी बदलायचे. एक यूटीएफ८ आणि एक यूटीएफ८एमबी४ राहिला तर जॉइनमध्ये इंडेक्स बाजूला पडू शकतो, आणि कॅरेक्टर सेट एकच पण कोलेशन वेगळी राहिली तर ‘इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स’ समोर येतं.

डंप (डेटाबेसची फाइलरूप नक्कल) विंडोजच्या पॉवरशेलमधून ‘मोठं’ (>) चिन्ह वापरून फाइलीत वळवायचा नाही, ती फाइल यूटीएफ१६ होते. रिझल्ट-फाइल हा पर्याय द्यायचा. सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडायची नाही: १३ अंकी आयएसबीएन ९.७८ई+१२ असा दिसतो आणि सेव्ह केला की तसाच लिहिला जातो. दाखलअंकांची पुढची शून्यंही गळतात. ‘डेटा’मधून आयात करून ६५००१ (यूटीएफ८) निवडायचं आणि ते दोन कॉलम टेक्स्ट ठेवायचे.

पडताळणीची तुमची पद्धत आता कायमची आमची. पाटी बदलण्याच्या कामात लेंग्थची बेरीज आधी आणि नंतर तंतोतंत सारखी यायला हवी, आणि निव्वळ देवनागरी कॉलमची कॅर_लेंग्थ (चिन्हांची संख्या) एकतृतीयांश. दोनदा एन्कोड झालेल्या निव्वळ देवनागरी ओळींत लेंग्थ निम्मी किंवा त्याहून कमी. नुसत्या ओळी मोजून यातलं काहीच कळलं नसतं.

जुना डंप रिकाम्या सर्व्हरवर एकदा पूर्ण उघडून पाहिला आहे आणि वेगळ्या डिस्कवर ठेवला आहे. तुम्ही लिहून दिलेली अर्ध्या पानाची हेक्सची चिठ्ठी सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
पुस्तकसूची सांभाळणारे