खुर्च्या उचलायच्या आधी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी सावंतवाडीला लग्नाचा मांडव सोडवत होतो. एक पाय शिडीवर, दातात सुतळी, म्हणून नुसतं ‘बघू, बघू’ म्हणालो. तू रागावलीस असं आई म्हणाली. रागावू नको. तीनशे खुर्च्या, डायस, दोन कर्णे, जनरेटर, सगळं घरचंच आहे आणि तुझ्याकडून भाडं घेण्याइतका मी अजून धंदेवाईक झालेलो नाही. पण तू सामानाची यादी पाठवलीस तशी सभा मांडली तर ती नेहमीसारखीच होईल. नेहमीसारखी म्हणजे कशी ते मला विचार, चाळीस वर्षं मी सभा मागच्या बाजूनं बघतोय.

पुण्याची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी हे फुकटचं काम अंगावर घेतलंस, हे मला आवडलं. आईला नाही आवडलं, ते ती फोनवर सांगेलच. ‘एक देश, एक निवडणूक’, म्हणजे लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका एकदमच घ्यायच्या, या घटनादुरुस्तीवर वेंगुर्ला, मालवण, देवगड अशा तीन ठिकाणी लोकांचं म्हणणं ऐकायचं आणि लिहून घ्यायचं, असं तुमचं ठरलंय. तू पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. डिसेंबर २०२४ मध्ये विधेयक लोकसभेत मांडलं आणि संयुक्त समितीकडे गेलं, एवढं पेपरात वाचलं होतं. माजी राष्ट्रपती कोविंद यांच्या समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, हे मात्र तुझ्या कागदांतून कळलं. ५ जानेवारी २०२४ ला जाहिरात आणि १५ जानेवारीला मुदत संपली. दहा दिवस! आपल्याकडे दहा दिवस आधी कुणी लग्नाचा मांडव सांगायला आला तर मी त्याला हात जोडून परत पाठवतो. सूचना आल्या २१,५५८, त्यातल्या ऐंशी टक्के बाजूनं. बाजूनं की विरोधात हा माझा मुद्दाच नाही. देश केवढा आणि आकडा केवढा, एवढंच बघ. घटनेचा पहिला मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांपुढे ठेवला आणि बाबासाहेबांनी तो ४ नोव्हेंबरला घटना समितीत मांडला. मध्ये आठ महिने होते, आणि तेव्हा ना मोबाइल होता ना झेरॉक्स.

घटनादुरुस्ती हा विषय आपल्या घरात पहिल्यांदा आला असं समजू नको. तुझे आजोबा गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, सगळी रत्नागिरीच, आणि राजापूर मतदारसंघाचे खासदार आपल्या वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं गोलकनाथ खटल्यात सांगितलं, की मूलभूत हक्कांना संसदेनं कात्री लावायची नाही. त्यावर संसदेला घटनेचं कुठलंही कलम दुरुस्त करता आलं पाहिजे, असं खाजगी विधेयक नाथ पैंनी आणलं. ते मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी चोविसाव्या दुरुस्तीनं सरकारनं तेच केलं. पुढे १९७३ मध्ये कोर्टानं पुन्हा सांगितलं, दुरुस्ती करा, पण पाया हलवू नका. एवढी मोठी गोष्ट आपल्या माणसानं सुरू केलेली. आजोबांना त्यांच्या सभा आठवायच्या, म्हणजे त्यांचा आवाज आठवायचा, किती बत्त्या लागल्या ते आठवायचं. खाली जाजमावर बसलेला माणूस काय म्हणाला, ते काही आठवायचं नाही. ते लिहून घेणारं कुणी नव्हतंच ना!

आता माझी गोष्ट. ही तुला कधी सांगितली नाही.

दहाबारा वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका प्रकल्पाची जनसुनावणी होती, तिचा मांडव माझा. चारशे खुर्च्या, पांढरी कनात, वर डायस, माईक दोन आणि दोन्ही डायसवर. ज्याला बोलायचंय त्यानं पुढे यावं अशी पद्धत. साहेबांसमोर चार पायऱ्या चढून जायला पुरुषच कचरतात, मग बायका कुठल्या चढतायत. मागच्या रांगेत मासे विकणाऱ्या सातआठ बायका होत्या. त्यातली एक उभी राहून जागेवरूनच मोठ्यानं बोलली, चांगली पाच मिनिटं. नौका कुठे लावतात, मासळी कुठे सुकवतात, ती जागा गेली तर काय, सगळं हात करून करून सांगितलं. माईकवर ते आलं नाही. मला मात्र सगळं ऐकू आलं, कारण मी मागेच बसलो होतो.

दीड वाजला. लोक जेवायला, एसटीला पांगायला लागले. मला संध्याकाळी दुसऱ्या गावात साखरपुड्याचा मांडव उभा करायचा होता. मी पोरांना खूण केली आणि त्यांनी खुर्च्या गोळा करायला घेतल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक बसतात तेव्हा काय खडखडाट होतो, तुला माहीत आहे. लहानपणी त्या आवाजावर तू नाचायचीस. त्याच वेळी डायसवर एक कारकून हातात कागद धरून काहीतरी वाचत होता. मला वाटलं, आभार असतील. ती बाई पुढे गेली, कानाला हात लावून उभी राहिली, मग वळून माझ्यावर ओरडली, ‘‘जरा दम धर रे मेल्या, आमका आयकू दे!’’

मी थांबलो. पोरं लांबच्या रांगेत होती, ती थांबेपर्यंत वाचून झालं होतं.

ते आभार नव्हते. सुनावणीत कोण काय बोललं याचा गोषवारा शेवटी लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा, हा २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेतला नियमच आहे. हे मला कितीतरी वर्षांनी तुझ्याच पुस्तकातून कळलं. तिचं म्हणणं कागदावर उतरलं की नाही हे कळायची तेवढीच एक वेळ होती, आणि ती माझ्या खुर्च्यांनी खाल्ली. साखरपुडा तसाही रात्री नऊला सुरू झाला.

म्हणून सांगतो, गोषवारा वाचून होईपर्यंत चहा काढू नको. चहा मिळाला की सभा संपली, हे आपल्याकडे कायद्यापेक्षा पक्कं आहे. डायस तर मांडूच नको. डायस आला की त्यावर कोण बसणार यावरून रुसवे, मग शाल-श्रीफळ, मग प्रत्येकाचे ‘दोन शब्द’. तुमचे दोन तास आहेत, त्यातला पाऊण तास तिथेच जातो. माझे मी मोजलेत. खुर्च्या गोल लाव आणि माईक माणसापर्यंत जाऊ दे, माणूस माईकपर्यंत नको.

मालवणला देवळाचा सभामंडप फुकट मिळतोय म्हणालीस. घेऊ नको. देवावर माझा राग नाही, दर जत्रेला माझाच मांडव असतो. पण तिथे कोणी कुठे बसायचं, पहिला शब्द कुणाचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. बौद्धवाडीतला माणूस आणि मोहल्ल्यातला माणूस तिथे मोकळेपणानं बोलणार नाही, बहुतेक येणारच नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेचा हॉल माग. बायकांची बैठक दुपारी तीनला वेगळी घे, सासऱ्यासमोर सून खुर्चीवर बसत नाही अशी घरं अजून आहेत. सतरंज्या मी देतो.

तारखांचं तुम्ही पुण्यात बसून ठरवलेलं दिसतंय. मे महिन्यात देवगडात कोण येणार? आंब्याच्या पेट्या भरणारा माणूस जेवायला उठत नाही. मच्छीमारांना जून बरा, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, पण त्याच दिवसांत शेतीवाल्याचे हात चिखलात. तेव्हा मालवणची सभा जूनमध्ये हॉलमध्ये घे, आणि देवगडची दिवाळीनंतर, भात झोडून झालं की, मोहोराची फवारणी सुरू व्हायच्या आत. गणपतीत चाकरमानी येतात म्हणून तेव्हा घ्यायचा मोह होईल. गर्दी होईल, पण बसणार कोण? आरत्या, भजनं आणि मुंबईची गाडी यातून माणूस सुटत नाही.

आणि शेवटी ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ असं चुकूनही विचारू नको. गाऱ्हाण्याची सवय आहे आपल्या लोकांना. पुढचा एक जण सांगत जातो आणि मागून सगळे ‘होय महाराजा’. देवापुढे ते शोभतं. ग्रामसभेतसुद्धा तेच चालतं, ते सुद्धा कोरम भरला तर. नाहीतर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, की झालं काम. तू एकेकाला विचार, आणि मालवणीत बोलला तर मालवणीतच लिही. शुद्ध करून लिहिलंस तर त्याला स्वतःचं म्हणणं ओळखू येणार नाही. कुणी म्हणेल, ग्रामपंचायतीची निवडणूक पण यातच का? तर ती या विधेयकात नाही, लोकसभा आणि विधानसभाच आहे, हे आधीच सांग. नाहीतर अख्खी सभा सरपंचावर घसरेल.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मोठा प्रकल्प आणायचा तर तीस दिवस आधी नोटीस देऊन लोकांना विचारावं लागतं. घटनेच्या ३६८ व्या कलमात दोन तृतीयांश खासदारांचं, काही बाबतींत निम्म्या राज्यांचं लिहिलंय, लोकांना विचारा असं कुठे नाही. म्हणजे तुमच्या वहीला कायद्यानं काही किंमत नाही. ती समितीकडे पाठवलीत तर तिथे कुणी उघडेलच याची खात्री नाही. हे लोकांना पहिल्याच पाच मिनिटांत सांगून टाक. आपली माणसं तिरकस आहेत, ‘मग कित्याक इलास?’ म्हणतील. म्हणू दे. खरं सांगितलंस तर बसतील. आणि वहीची एक झेरॉक्स प्रत्येक गावच्या वाचनालयात ठेव, म्हणजे बोललेल्या माणसाला आपलं वाक्य जाऊन बघता येईल.

वेंगुर्ल्याच्या सभेला तीनशे खुर्च्या आणणार नाही, एकशेवीस आणतो. रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बोलणाऱ्याचा आवाज बसतो. कमी पडल्या तर टेम्पो बाहेर उभा असेल. कॉर्डलेस माईक नवा घेतलाय, सेल वेगळे ठेवलेत, मध्येच बंद पडायला नको. पोरांना ताकीद दिली आहे, की सायली हात वर करीपर्यंत एकाही खुर्चीला शिवायचं नाही. तेवढी हात वर करायला विसरू नको, नाहीतर रात्री बारापर्यंत तिथेच बसतील.

आईनं कोकमं सुकवून ठेवली आहेत. येताना रिकामी बरणी आण.

तुझा,
बाबा